वरून खाली बांधलेलं गटार

त्या एप्रिलात मला एका जागी बसवत नव्हतं. शिवणयंत्रावर बसायची, चार टाके घालायची, उठायची आणि दारात जाऊन डोंगराकडे बघायची. डोंगरामागे जरा काळं दिसलं की शिवण तशीच टाकायची. इतर बायका ढग बघून दोरीवरचे कपडे काढतात. मी उताराने खाली माकुच्या भट्टीकडे पळायची, जशी काही मी तिथे उभी राहून पाणी हातांनी अडवणार होते.

माकु म्हणजे आमच्या तेयेकोपे वस्तीची पाववाली. वस्तीच्या अगदी खालच्या टोकाला तिचं घर, आणि अंगणात तिची मातीची भट्टी. नवरा गेल्यावर तिने ती स्वतः बांधली, वारुळाची माती आणून, पायांनी मळून. आत दोन माणसं मांडी घालून बसतील एवढी मोठी आहे. त्या भट्टीवर तिने तीन मुलं शिकवली. वर पत्रा आहे, त्यामुळे वरून पडणाऱ्या पावसाचं तिला काही वाटत नाही. पण खालून बुडाशी पाणी मुरलं की मातीची भट्टी खचते, आणि एकदा खचली की नवी बांधून, सुकवून, तापवून पाव काढायला तीन महिने जातात. तीन महिने माकुने काय खायचं, हा प्रश्न कोणी विचारायचा?

मी विचारायचा. कारण वस्तीने निवडून दिलेली मेंबर मी, आणि नगरपालिकेचं गटार त्या भट्टीपासून बारा पावलांवर आणून सोडलं तेही मीच.

तसं बघितलं तर मी एकटीने नाही सोडलं. पण दोष वाटून घ्यायला माणसं शोधायला लागलं की दिवस पुरत नाही, म्हणून आता मी सरळ ‘मी’ म्हणते.

आधी आमच्याकडे गटारच नव्हतं. डोंगरावरचं पाणी वस्तीच्या वरच्या टोकाला, आमच्या प्रमुखांच्या, म्हणजे मांत्से पादींच्या वाड्यापुढच्या मोकळ्या जागेत उतरायचं आणि तिथून वाट फुटेल तसं गल्लीबोळांतून पसरायचं. कोणाच्या ओसरीवर चार बोटं, कोणाच्या चुलीत, कोणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यात. सगळे झाडू घेऊन उभे राहायचे, सगळेच शिव्या घालायचे. मी सहा वर्षं नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी शेवटी तर मला फाटकात बघितल्यावर तिथले कारकून जेवणाची सुट्टी घ्यायचे, सकाळचे दहा वाजले असले तरी. सहाव्या वर्षी मंजुरी आली. वाड्यापासून खालच्या ओढ्यापर्यंत, साडेपाचशे पावलं पक्कं सिमेंटचं गटार.

भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी नार्ते काका माझ्या घरातल्या शिवणाच्या दुकानात आले. हे आमच्या वस्तीतले म्हातारे गवंडी, तीस वर्षं नगरपालिकेची गटारं बांधून पाठ वाकलेली. मी उद्यासाठी माझाच नवा काबा, म्हणजे आमच्याकडे बायका घालतात तो पोशाख, शिवत होते, निळा, बाह्यांवर फुगे. काकांनी आधी बाह्यांचं कौतुक केलं, मग म्हणाले, “मेंबरबाई, गटार खालून वर बांधत जातात. आधी ओढ्याचं तोंड बांधायचं. तुम्ही मांडव वर वाड्यापुढे घातलाय.”

मला ते माहीत होतं. नगरपालिकेचे इंजिनिअर डोत्से साहेबही नकाशावर बोट ठेवून तेच म्हणाले होते. पण आमच्याकडे अशी रीत आहे की जिथे पितरांना दारूची धार सोडायची, तिथेच पहिली कुदळ पडली पाहिजे, आणि जिथे पहिली कुदळ पडली तिथूनच काम पुढे गेलं पाहिजे. पितरांना जागा एक दाखवायची आणि खणायचं दुसरीकडे, हे चालत नाही. आणि धार सोडणार मांत्से. ते काय ओढ्याकाठच्या उकिरड्यात उभे राहून सोडणार? नगरपालिकेचे मोठे साहेब येणार होते, त्यांचे पांढरे बूट. तीनशे प्लास्टिकच्या खुर्च्या कुठे मांडायच्या, चिखलात? मांत्सेंनी मला बोलावून विचारलं, आणि मी म्हणाले, वरून सुरू झालं काय नि खालून झालं काय, शेवटी सगळंच बांधायचंय ना.

हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा आठवलं असेल ते विचारू नका.

कार्यक्रम झोकात झाला. ढोल वाजले, धार सोडली, साहेबांनी कुदळ मारली. गटाराच्या तोंडाशी सिमेंटचा दगड उभा केला, त्यावर तीन नावं कोरली: मोठ्या साहेबांचं, मांत्सेंचं आणि माझं. त्या संध्याकाळी मी दोनदा बहाणा काढून वाड्यावरून गेले, नुसतं नाव बघायला. कोणाला खोटं वाटलं तर वाटो.

काम सुरू झालं आणि खाली सरकू लागलं. माझं घर वरून तिसरं. माझ्या दारापुढून गटार गेलं तेव्हा शेजारणी मला मिठ्या मारत होत्या. मग राजधानीतून यायचा निधी उशिरा आला आणि आला तो अर्धाच. नगरपालिकेच्या सभेत मोठ्या साहेबांनी यादी वाचली. बाजाराचं छप्पर उडालंय, झाडूवाल्यांचे पगार तीन महिने थकलेत, दवाखान्याला पाणी नाही. तेयेकोपेचं गटार, उरलेला भाग, पुढल्या वर्षी. मी उभी राहिले, आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. झाडूवाल्यांची पुढारीण मागच्या बाकावर बसली होती. ती शांतपणे म्हणाली की मेंबरबाई, तुमच्या गटारासाठी आम्ही चौथा महिनाही उपाशी राहू का? मी खाली बसले.

मुकादमाने सिमेंट संपलं त्या दिवशी हत्यारं गोळा केली. गटार जिथे होतं तिथे थांबलं. माकुच्या भट्टीपासून बारा पावलं, ओढ्यापासून दोनशे.

मार्चमध्ये अवकाळी एक सर आली, अर्ध्या तासाची. वरच्या आळीत कोणाचा पायसुद्धा ओला झाला नाही. बायका दारात उभ्या राहून गटारातून पळणारं पाणी बघत होत्या, हसत होत्या. मीही हसले. मग मला खाली काय असेल ते सुचलं आणि मी चप्पल न घालता पळाले.

माकु घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभी होती. पीठ मळायच्या लाकडी परातीने भट्टीच्या बुडापासून पाणी मागे लोटत होती. तिच्या दोन्ही मुली पोत्यांत वाळू भरत होत्या. मी काबा वर खोचून वाकले, तर तिने परात खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. माकु आणि मी एका वयाच्या. दिपोच्या वेळी, म्हणजे आमच्या मुलींना बाई करतात त्या विधीच्या वेळी, आम्ही एकाच चटईवर बसलो होतो, एकाच वस्ताऱ्याने दोघींची डोकी भादरली होती. तिने मला कधी ‘मेंबरबाई’ म्हटलं नव्हतं.

“मेंबरबाई,” ती म्हणाली, “पूर्वी पाणी सगळ्यांच्या दारात यायचं, थोडं थोडं. तुम्ही सगळ्यांचं गोळा करून माझ्या दारात आणून ओतलंत.”

भट्टी त्या वेळी वाचली, बुडाचं एक बोटभर लिंपण सुटलं तेवढंच. पण ती होती मार्चची सर. खरा पाऊस मे महिन्यात, आणि तो अर्ध्या तासात आटपत नाही.

मग माझी पळापळ सुरू झाली. डोत्से साहेबांकडे गेले. माणूस भला, त्यांनी नकाशा काढला, कपाळाला हात लावला, आणि सांगितलं की पैसा येईपर्यंत निदान कच्चा चर खणून घ्या, पाणी ओढ्यापर्यंत न्या. यंत्र मागू नका, यंत्राला डिझेल नाही. ठीक आहे म्हटलं, आमच्याकडे श्रमदानाची पद्धत आहे. शनिवारी सकाळी दवंडी पिटली की घरटी एक माणूस कुदळ घेऊन येतो, न येणाऱ्याला दंड. गटार मंजूर व्हायच्या आधी याच वस्तीने श्रमदानाने शाळेची भिंत उभी केली होती, तेव्हा एकशे चाळीस माणसं आली होती, मोजली होती मी.

दवंडी पिटली. आली अकरा. त्यातले नऊ खालच्या आळीचे, दहावे नार्ते काका, अकरावी मी.

वरच्या आळीत मी दारोदार गेले. कोणाची कंबर धरली होती, कोणाकडे मयत होतं, कोणाचं कुदळीचं दांडकं मोडलं होतं. एवढी दांडकी एका आठवड्यात मोडली असती तर सुतार श्रीमंत झाला असता. एक जण मात्र खरं बोलला. म्हणाला, मेंबरबाई, आमच्या दारात आता पाणी येत नाही. मी दंड लावायच्या गोष्टी केल्या, तर मांत्से म्हणाले की बाई, निवडणूक सहा महिन्यांवर आहे, जरा सबुरीने घे.

आम्ही अकरा जणांनी दोन शनिवार खणलं. पंचवीस पावलांवर खडक लागला. दोन कुदळी वाकल्या. नार्ते काका म्हणाले, खडकावर लाकडं पेटवून तो तापवायचा आणि वर गार पाणी ओतायचं, मग तडकतो, पण त्याला माणसं लागतात, पाणी वाहायला, तुकडे उचलायला. अकराचं काम नाही. तिसऱ्या शनिवारी सात जण आले.

म्हणून म्हणते, त्या एप्रिलात मला बसवत नव्हतं. जेवायला बसले तरी केंकेचा, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या गोळ्याचा, घास हातात राहायचा आणि कान बाहेर. माकु माझ्याशी बोलत नव्हती. मी पाव घ्यायला जायची, ती पाव द्यायची, पैसे घ्यायची, झालं. मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी दुपारी वारा पडला. पान हलेना. डोंगरामागे ढग नव्हते, डोंगरच दिसेनासा झाला होता. मी नार्ते काकांकडे गेले आणि विचारलं की काका, आता काही उपाय आहे का. ते ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. चिमूट दाढेखाली ठेवली. मग म्हणाले की उपाय सोपा आहे, पण तुम्हाला झेपायचा नाही. वर तोंडाशी गटार बंद करा. पाणी आत शिरलंच नाही तर माकुकडे जाईल कशाला? पूर्वीसारखं पसरेल.

“पूर्वीसारखं म्हणजे कुठे?” मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

“वाड्यापुढे. मग पहिलं घर, दुसरं घर. तिसरं तुमचं.”

माझ्या दुकानात त्या वेळी एका मोठ्या घरच्या मयतात घरच्यांनी घालायचे कपडे शिवायला होते, बावीस माणसांचे, काळा-लाल कापड फरशीवर ढीग करून ठेवलेलं. आधी मी ते आठवलं. माकु नाही, भट्टी नाही, कापड. माझीच मला लाज वाटली, पण आठवलं ते आठवलं. मग निवडणूक आठवली. वरच्या आळीत मतं खालच्या आळीच्या दुप्पट.

मी वाड्यावर गेले. मांत्सेंना रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला आणि सांगितलं की गटाराचं तोंड बंद करायला परवानगी द्या, चर ओढ्यापर्यंत पोचेस्तोवर. ते रागावले नाहीत, उलट मायेने बोलले. म्हणाले, जिथे पितरांना धार सोडली त्या जागेला हात लावायचा तर आधी त्यांना विचारावं लागेल. बाटली लागेल, वडीलधारे बोलवावे लागतील, दिवस बघावा लागेल. पुढच्या मंगळवारी बसू. मी बाहेर बघितलं. अंगणातल्या कोंबड्या एकेक करून आडोशाला निघाल्या होत्या.

मी मंगळवारचं कबूल केलं, नमस्कार केला, बाहेर पडले आणि सरळ नार्ते काकांना हाक मारली. येताना पहार आणा म्हटलं.

ते पहार घेऊन आले, पण हात लावेनात. कशाने बंद करायचं? वाळूची सगळी पोती खाली माकुकडे, ती आणायला वेळ नाही. फळ्या टिकणार नाहीत. मी तोंडाशी उभी राहिले. गटार अडीच फूट रुंद. बाजूला तो दगड, तीन नावांचा, साधारण तेवढाच. नार्ते काकांनी माझ्याकडे बघितलं, मग दगडाकडे, आणि हातावर थुंकून पहार त्याच्या बुडाशी घातली.

दगड हलायला वेळ लागला नाही. बुडाशी सिमेंट कमीच घातलं होतं. तो कलला तेव्हा पहिला थेंब माझ्या मानेवर पडला, मोठा, गार. आवाज ऐकून मांत्से ओसरीवर आले होते. त्यांच्यामागे त्यांच्या सुना, पलीकडच्या घरातले लोक. कोणी पुढे आलं नाही.

“माम्ले,” मांत्से म्हणाले, “त्या दगडावर तुझं नाव आहे.”

“आहे ना, मांत्से. पालथा घालते, पावसाने पुसायला नको.”

उद्धट बोलले मी. वडीलधाऱ्यांशी असं बोलू नये, आईने हेच शिकवलं होतं. पण दुसरं काही सुचलं नाही. आम्ही दोघांनी रेटा दिला. दगड नावांच्या बाजूने गटारात पडला, फटींत काकांनी चिखल आणि गवत ठासलं, आणि मग पाऊस आला.

पाणी डोंगरावरून उतरलं, गटाराच्या तोंडाशी आलं, क्षणभर तुंबलं आणि जुन्या वाटेने पसरलं. विसरलं नव्हतं ते. वाड्यापुढच्या जागेत तळं झालं. पहिल्या घरातून आरडाओरडा, मग दुसऱ्या. मी धावत माझ्या दुकानात गेले, मयताचं कापड कवेत घेऊन टेबलावर टाकलं, यंत्र उचलून खुर्चीवर ठेवलं. तेवढ्यात उंबऱ्यावरून पाणी आत आलं. मी तशीच बाहेर पडले. गल्लीत बायका झाडू घेऊन उभ्या होत्या. एकीने मला तोंडावर सांगितलं की तुझा मुडदा बशिवला. दुसरी म्हणाली की मत मागायला ये हां, वाट बघते. मी उतार उतरत राहिले, दोनदा घसरले.

माकुच्या अंगणात पाणी होतं. चार बोटं, सगळ्यांसारखंच. गटाराच्या कापल्या तोंडातून आळीतली एक बारीक धार तेवढी पडत होती. वाळूच्या पोत्यांनी पाणी बाहेरच अडवलं होतं, भट्टीचं बूड कोरडं होतं. माकु भट्टीच्या भिंतीला दोन्ही तळहात टेकून उभी होती. ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसे. मी गेल्यावर तिने गटाराच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या चिखलाने भरलेल्या काब्याकडे, मग वर, जिथून ओरडण्याचे आवाज येत होते. तिला समजलं.

“तुझ्या दुकानात?” एवढंच म्हणाली.

“आलं.”

तिने मला बसायला पाट दिला. आम्ही दोघी पाऊस थांबेपर्यंत तिथे बसून होतो.

शुक्रवारी मांत्सेंनी मला बोलावलं. पितरांच्या जागेचा अपमान केला म्हणून एक मेंढा आणि दोन बाटल्या असा दंड ठोकला. मी कबूल केला. मग मी म्हणाले की चर पुरा झाला की दगड काढते, तेव्हा उद्या श्रमदानाची दवंडी तुमच्या नावाने पिटा. मांत्सेंनी कुंपणाकडे बघितलं. त्यांच्या ओसरीवरचा गालिचा कुंपणावर वाळत टाकला होता.

शनिवारी एकशे सदुसष्ट माणसं आली. शाळेच्या भिंतीच्या वेळेपेक्षाही जास्त. ज्यांची कंबर धरली होती तेही आले, आणि कुदळींची दांडकी रात्रीतून धड झाली होती. मांत्सेंचे तिन्ही मुलगे आले. माझ्याशी कोणी बोललं नाही. बोलले ते मला ऐकू जाईल असं एकमेकांशी, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. माकुने भट्टीचं अख्खं सरपण खडकावर रचून दिलं. ते पेटवलं, खडक लाल होईस्तोवर तापवला, ओढ्यापासून वरपर्यंत बादल्यांची रांग लागली, पाणी पडलं आणि खडक तडकला. नार्ते काका ओरडून ओरडून घसा बसवून घेत होते. शेवटी ते आमचं गटार खालून वर खणत होते, आणि त्यांना थांबवणारं कोणी नव्हतं.

दुपारी माकु टोपलीतून पाव घेऊन आली. रांगेतल्या प्रत्येकाला एकेक, वरच्या आळीला आधी. माझ्यापर्यंत आली तेव्हा टोपली रिकामी होती. तिने स्वतःच्या हातातला मोडून अर्धा मला दिला आणि शेजारी खडकावर बसली.

“पुढच्या वेळी तू काही निवडून येत नाहीस,” ती म्हणाली.

“नाही.”

“बरं होईल. निदान दुपारी दुकानात सापडशील. माझा काबा दोन वर्षं शिवायचा राहिलाय.”

मला हसू आलं आणि रडूही आलं, तोंडात पाव होता म्हणून दोन्ही निभावलं. डोंगरामागे पुन्हा काळं धरत होतं. सिमेंटच्या गटाराला गाठायला अजून चाळीस पावलं बाकी होती, आणि वर तो दगड अजून पालथाच होता. मी उरलेला पाव काब्याच्या खिशात घातला आणि कुदळ उचलली.